पायवाटेवर वन्यप्राणी समोर आला तर? खानदेशात पायी फिरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यात घराच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. रविवारी पहाटे मनुदेवीला, उनपदेवला, पालला चालत जाणारे वाढलेत. चाळीसगावकर पाटणादेवीकडे वळतात, धुळेकर लळिंगला, नंदुरबारची मंडळी तोरणमाळला. मी या वाटांवर वर्षानुवर्षं फिरतोय, नवख्यांना सोबत नेतोय. निघण्याआधी आणि वाटेत जे प्रश्न हटकून विचारले जातात, ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे चुकीला माफी नसते.

आपल्याकडे नक्की कोणता प्राणी समोर येऊ शकतो?

कुठे फिरता त्यावर आहे. सातपुड्याच्या रांगेत अस्वल, बिबट्या, तडस (तरस), रानडुक्कर, भेकर. यावल अभयारण्य 1969 सालचं, आणि त्याच्या पायथ्याला लागून केळीच्या बागा सुरू होतात, म्हणजे जंगल कुठे संपलं हे प्राण्याला कळायचं काही कारण नाही. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा, डोलारखेडा भागात पट्टेदार वाघसुद्धा आहे. दक्षिणेला गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या बाजूने चाळीसगाव तालुक्यात बिबट्या. धुळे, साक्रीकडच्या गवताळ माळांवर लांडगा, कोल्हा, खोकड. नीलगाय आणि रानडुक्कर तर कुठल्याही वावरात.

कोणी गावकरी "वाघ दिसला" म्हणाला तर ठिपके होते की पट्टे, एवढं आधी विचारा. बहुतेक वेळा तो बिबट्या असतो.

अचानक समोर आला. पहिल्या क्षणाला काय करायचं?

थांबा. पळू नका, पाठ फिरवू नका. मग त्याला जायला वाट कुठून आहे ते बघा.

या सगळ्या पानात मला एकच गोष्ट खरी महत्त्वाची वाटते, ती ही. पायवाटेवर भेटलेल्या प्राण्याला बहुतेक वेळा तुमच्यात काडीचा रस नसतो. तो नाल्यात उतरणार असतो, बागेत शिरणार असतो, पाण्यावरून डोंगराकडे परत निघालेला असतो. आपण नेमके त्याच्या आणि त्या नाल्याच्या मध्ये उभे असतो. एका बाजूला तारेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला उंच बांध, पुढे आपण. अशा वेळी त्याच्याकडे एकच दिशा उरते आणि ती आपल्या अंगावरून जाते. म्हणून प्राण्यावर नजर ठेवून, हळूहळू तिरकं मागे सरका आणि त्याची बाजू मोकळी करा. सोबत चारपाच जण असतील तर सगळ्यांनी एकाच बाजूला या. दोघं या बाजूला आणि तिघं त्या बाजूला असं झालं, की त्याला घेरल्यासारखं होतं.

बिबट्या असेल तर?

ताठ उभे राहा. हात वर करा, जॅकेट किंवा पिशवी डोक्यावर धरा, अंग मोठं दिसू द्या. मोठ्या, ठाम आवाजात बोला; किंचाळू नका. आणि काही झालं तरी खाली वाकू नका, बसू नका. उभा माणूस बिबट्याच्या ओळखीच्या शिकारीच्या आकाराचा नाही. वाकलेला, बसलेला माणूस मात्र बकरीएवढा, कुत्र्याएवढा दिसतो. वावरात वाकून निंदणी करणाऱ्या बाया, उघड्यावर शौचाला बसलेला माणूस आणि लहान मुलं यांना धोका जास्त असतो तो याच कारणाने.

लहान मूल सोबत असेल तर आधी त्याला उचला आणि मगच बाकीचं. उचलताना नजर बिबट्यावरच हवी.

मनुदेवीच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंनी केळी असलेल्या गाडवाटेवर एकदा तो अगदी समोर निघाला. ठिबकच्या नळीवरून पाय टाकून बाहेर आला आणि वाटेच्या मधोमध थबकला. पुढचा एक पाय तसाच अधांतरी, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. कानाच्या मागचा पांढरा ठिपका दिसेल इतका जवळ. आम्ही तिघं होतो. मी मोठ्याने "जा बाबा, जा" म्हणत राहिलो आणि आम्ही सगळे डाव्या बांधाकडे सरकलो. त्याने पाय टेकवला, आमच्याकडे न बघता उजवीकडच्या बागेत शिरला. एवढं मोठं जनावर गेलं, पण केळीचं एक पान हललं नाही. बागेतल्या दाट सावलीत तो नंतर दोन हातांवर बसला असता तरी आम्हाला दिसला नसता. अशा बागांजवळून पहाटे जाताना बोलत जा, ते म्हणूनच.

अंगावर आलाच तर पडून राहू नका. काठी, दगड, चप्पल, हाताला येईल त्याने तोंडावर, डोळ्यांवर मारा, ओरडा. मान सांभाळा, त्याचा रोख गळ्याकडे असतो.

बिबट्या नरभक्षक असतो का?

नाही. खानदेशात बिबटे उसात, केळीत, गावाच्या हाकेच्या अंतरावर राहतात, कुत्री-डुकरं खातात आणि बहुतेकांना ते दिसतसुद्धा नाहीत. पण अपवाद घडतो आणि तो लपवून उपयोग नाही. 2017 साली चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठच्या गावांत बिबट्याने माणसं मारली आणि शेवटी त्याला ठार करण्यात आलं. त्या घरांचं दुःख खरं आहे. ज्या परिसरात माणसावर हल्ला झाल्याची ताजी खबर आहे तिथे फिरायला जाऊच नका. तिथले लोक नाइलाजाने वावरात जातात. आपल्याला तसं कुठलं बंधन नाही.

आणि अस्वल?

याचं उत्तर नीट वाचा. सातपुड्यात पायी फिरणाऱ्याला बिबट्यापेक्षा अस्वलाचा धोका जास्त, असं माझं ठाम मत आहे. कारण सरळ आहे: बिबट्याला तुम्ही यायच्या आधी तुमची चाहूल लागते, अस्वलाला लागत नाही. त्याची नजर कमजोर, आणि खाण्यात गढलं की कानांवरही काही पडत नाही. नाक मात्र फार तीक्ष्ण. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर ते आधीच निघून जातं. वारा उलटा असेल तर वळणावर तुम्ही थेट त्याच्यापाशी पोचता आणि ते दचकतं. दचकलेलं अस्वल पळून जायच्या आधी वार करतं, तोही चेहऱ्यावर आणि डोक्यावर. पुढच्या पायांची नखं बोटभर लांब, वाळवीच्या कठीण वारुळात भोकं पाडणारी.

त्यामुळे खरी युक्ती भेट टाळण्यात आहे. वारूळ ताजं उकरलेलं दिसलं, आत शिरलेलं गोल भोक, खालची माती अजून ओलसर आणि कडेला वाळवी सैरावैरा पळतेय, तर अस्वल आत्ताच इथे होतं. थांबा आणि ऐका. वाळवी खाताना ते आधी माती फुंकून उडवतं आणि मग वाळवी ओढून घेतं. त्याचे वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते ओढतं. हा फुर्र-फुर्र आवाज शांत रानात बराच लांबपर्यंत येतो. तो ऐकू आला की आल्या वाटेने परत फिरा. "एकदा बघून तरी येऊ" हा मोह इथे नको.

दिसलंच, आणि त्याचं लक्ष नसेल, तर गुपचूप मागे सरका. त्याने पाहिलं असेल तर हळू आवाजात बोलत मागे या. तुम्ही माणूस आहात हे त्याला कळू द्या. ते मागच्या पायांवर उभं राहिलं की लोक घाबरून पळतात. उभं राहतं ते बहुतेकदा नीट बघायला आणि वास घ्यायला. तुम्ही पळालात तर मात्र पाठलाग होऊ शकतो, आणि केसाळ, बेढब दिसणारं हे जनावर माणसापेक्षा वेगाने धावतं.

पाठीवर पिल्लं असलेली मादी दिसली तर वरचं सगळं दुप्पट काळजीने.

हल्ला झालाच तर पालथे पडा, चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा, कोपर कानांवर आवळा. पाठीवरची पिशवी काढू नका, ती वार झेलते. ते लांब जाईपर्यंत उठू नका. लगेच हालचाल केली तर ते परत येऊ शकतं.

झाडावर चढलो तर?

अस्वल झाडावर चढतं, मधासाठी नेहमीच चढतं. बिबट्याबद्दल तर सांगायलाच नको. झाड फक्त रानडुकराच्या बाबतीत कामाचं.

मोहाच्या दिवसांत जाऊ नये म्हणतात, ते का?

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रीतून गळतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. पाड्यावरची पावरा, भिल्ल मंडळी अंधार असतानाच टोपल्या घेऊन वेचायला येतात, आणि अस्वलही त्याच फुलांसाठी त्याच वेळी येतं. वेचणारा वाकलेला, अस्वलही मान खाली घालून, उजेड अपुरा. हंगामी कमाईसाठी त्या लोकांना जावंच लागतं. फिरायला जाणाऱ्याने या दिवसांत चांगलं उजाडल्यावरच रानात पाऊल टाकावं. पाड्यावर कोणी "आज तिकडे नका जाऊ दादा" म्हणालं तर वाद न घालता मागे फिरा. त्यांच्याइतकी ताजी खबर कुठल्याही ॲपवर मिळत नाही. पुढे टेंभुर्णी, जांभळं, उंबर पिकतात तेव्हाही अस्वल त्या झाडांभोवती असतं.

रानडुक्कर, तडस, लांडगा, नीलगाय यांचं काय?

रानडुक्कर जखमी असेल किंवा मादीसोबत पिल्लं असतील तर फार वाईट. ते सरळ रेषेत धडक देतं, सुळे मांडीवर लागतात. बाजूला व्हा, झाडामागे किंवा उंच बांधावर जा.

तडस लाजाळू. मेलेल्या ढोरांवर जगतं. मानेवरचे केस उभे करून मोठं दिसायचा प्रयत्न करतं, मग निघून जातं. त्याला दगड मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लांडगाही माणसापासून दूरच राहतो. मात्र यांतला कोणताही प्राणी, विशेषतः कोल्हा, दिवसाढवळ्या लाळ गाळत, अडखळत, समोर येईल त्याला चावत फिरताना दिसला तर तो पिसाळलेला असू शकतो. लांब राहा आणि वन विभागाला कळवा.

नीलगाय अंगावर येत नाही; पहाटे मोटारसायकलसमोर अचानक उडी मारते. फिरायला जाताना रस्त्यावर गाडी हळू चालवा, एवढंच.

साप आडवा गेला तर?

जाऊ द्या. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी लांबलचक फुत्कारते. तो आवाज म्हणजे आणखी जवळ येऊ नका. फुरसं लहान, मातीच्या रंगाचं, दगडांखाली असतं आणि खवले घासून करकर आवाज करतं. लळिंगसारख्या खडकाळ टेकड्यांवर हात टेकताना आधी बघा. बूट घाला, गवतात काठी आपटत चला.

चावला तर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. अंगठी, घड्याळ, कडं काढा. चावलेला हात किंवा पाय हलू न देता ठेवा, 108 ला फोन करा, ग्रामीण रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

पळू नका म्हणता. मग पळायचं कधीच नाही का?

आग्या मोहोळ उठलं तर. तिथे पळायचंच. तोंड, नाक, डोळे कपड्याने झाकून सरळ पळा, गाडीत किंवा घरात शिरा. हात झटकत उभे राहू नका, पाण्यात बुडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. पाटणादेवी, पितळखोऱ्याकडचे कडे आणि जुन्या किल्ल्यांच्या भिंती इथे पोळी असतात. खाली शेकोटी, सिगारेट, भपकेदार अत्तर नको.

कुत्रा सोबत न्यावा का?

नको. कुत्रा ही बिबट्याची आवडती शिकार आहे. आणि कुत्रा अस्वलावर भुंकत जातो, मार खाल्ला की मालकाकडे पळत येतो, मागून अस्वल.

स्पीकरवर गाणी लावली तर प्राणी लांब राहतील ना?

आवाज हवा, पण तो आपल्या बोलण्याचा, काठीच्या टोकाला बांधलेल्या घुंगरांचा. बैलाच्या जुन्या घुंगरमाळेतली चारदोन घुंगरं पुरतात. मोठ्या गाण्याने तुमचेच कान बंद होतात. वानराचा खक् असा इशारा, मोराचं एकाएकी ओरडणं, सातभाई पक्ष्यांचा गोंधळ, यावरून बिबट्या कुठे आहे ते आधी कळतं. इअरफोन तर घरीच ठेवा. शिवाय या रानात रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड, आहे. 1884 नंतर 113 वर्षं जो कोणाला सापडला नव्हता, तो 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. त्याची साद ऐकायची सोडून स्पीकर कशाला?

उसात किंवा बागेत पिल्लं सापडली तर?

हात लावू नका, उचलू नका, सेल्फी नको. आई जवळपास असते, नाहीतर रात्री येते. माणसं दूर करा आणि 1926 या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. पिल्लं त्याच जागी ठेवून रात्री आईची वाट पाहण्याचं काम महाराष्ट्रातल्या वन कर्मचाऱ्यांनी अनेकदा यशस्वी केलंय. गर्दी असेल तर मात्र ती येत नाही.

बिबट्या गावाजवळ दिसला की पकडून लांब का सोडत नाहीत?

कारण त्याने प्रश्न वाढतो. जुन्नर भागात 2000 नंतरच्या काही वर्षांत बरेच बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले. पुढे अभ्यासात दिसलं, की जिथे सोडले त्या परिसरात माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात घाबरलेला बिबट्या परतीची वाट शोधत भटकतो, आणि इकडे रिकाम्या जागेत दुसरा येतो.

त्याहून मोठा धोका गर्दीचा. बिबट्या विहिरीत पडला, गोठ्यात अडकला की शेकडो लोक मोबाईल घेऊन जमतात, चारी बाजूंनी आरडाओरडा होतो आणि मग तो फट दिसेल तिथून माणसांवरून उडी मारतो. अशा वेळी जखमी होतात ते बघायला आलेले. तुम्ही तिथे असाल तर सगळ्यात मोठी मदत म्हणजे तिथून निघणं आणि शेजाऱ्यालाही सोबत नेणं.

वाघ, बिबट्या, अस्वल आणि लांडगा यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्यांना मारणं, फासे लावणं, विषप्रयोग करणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे.

चावा किंवा ओरखडा बसला तर?

रक्त फार वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि 108. ते आटोक्यात असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना, तेल काही नको. डॉक्टरांना प्राणी कोणता होता ते सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल, आणि सस्तन प्राण्याचा चावा किंवा ओरखडा असेल तर रेबीजची लसही: सरकारी दवाखान्यात पहिल्या दिवशी, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतच टोचायचं इम्युनोग्लोब्युलिन मागून घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय उरत नाही. म्हणून "लहानसाच ओरखडा आहे" म्हणून घरी बसू नका, आणि दोन डोसनंतर बरं वाटतंय म्हणून पुढचे चुकवू नका.

सरकारकडून मदत मिळते का?

मिळते. वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, तडस, रानडुक्कर अशांच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर 2023 च्या शासन निर्णयानुसार वारसांना 25 लाख रुपये, काही रक्कम लगेच आणि बाकीची मुदत ठेवीत. अपंगत्व आणि जखमांसाठी वेगळी रक्कम आहे, जनावरं मारली गेली तर त्यासाठीही. त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, दवाखान्याची कागदं जपून ठेवा. सर्पदंश यात बसत नाही. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, त्यासाठी कृषी विभागाकडे अर्ज करावा लागतो.

हे गावात ठाऊक नसतं. मनुदेवीहून परतताना चहाच्या टपरीवर कोणी भाऊ भेटले तर ही माहिती त्यांना द्या, तिचा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त उपयोग आहे.

फोटो मिळाला. ग्रुपवर टाकू का?

फोटो ठेवा, जागा सांगू नका. नाल्याचं, बागेचं, पाड्याचं नाव गेलं की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या लागतात, आणि त्यांच्यामागून फासे लावणारेही येऊ शकतात. नेमकी जागा फक्त वन विभागाला आणि ज्याच्या वावरात तो दिसला त्या शेतकऱ्याला सांगा. रात्री लाइट आली की पाणी द्यायला त्यालाच अंधारात तिथे जायचं असतं.